पिल्लूच तर होतं!

पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही कराड तालुक्यात खेड्यात राहतो. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. रविवारी संध्याकाळी गल्लीतलं कुत्र्याचं पिल्लू त्याच्या उजव्या हाताला चावलं. अंगठ्याच्या बुडाशी दोन दात लागलेत, रक्त आलं होतं. रक्त दिसू नये म्हणून त्याने नळाखाली हात धुतला आणि घरात कुणालाच सांगितलं नाही. कारण चुलतभाऊ म्हणाला होता, पोटात चौदा इंजेक्शनं देतात. मंगळवारी रात्री जेवताना माझ्या लक्षात आलं. सासूबाईंनी लगेच मिरचीपूड आणि चुना भरला. बुधवारी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. तिथे दोन्ही दंडांवर नुसतं जरासं टोचलं, एक धनुर्वाताचं दिलं आणि सीरम घ्यायला मोठ्या दवाखान्यात जा म्हणून चिठ्ठी दिली. आमच्या ह्यांचं म्हणणं, उसाला तोड आलीय, इंजेक्शन तर दिलंय, आणखी कशाला हेलपाटा? पिल्लू जेमतेम दोन-अडीच महिन्यांचं होतं, सोमवारपासून दिसलं नाही. तेच पिल्लू शनिवारी आमच्या गाईच्या नाकाला चावलं होतं, ह्यांनी हातानेच रक्त पुसून हळद लावली. गाय शुक्रवारीच व्यालेली. तिच्या चिकाचा खरवस रविवारी गल्लीभर वाटला, आता सगळे घाबरलेत. सासूबाईंनी पोराचं अंडं, दही, वांगं बंद केलंय. सीरम खरंच लागतं का?

– एक आई, कराड तालुका

उत्तर

ताई, तुमचं पत्र गुरुवारी सकाळी वाचलं आणि चहा तसाच ठेवून तुम्हाला निरोप पाठवला: ऊस राहू दे, आज नाहीतर उद्या सीरम. हे सदर तुमच्या हातात पडायला आठवडा जातो. पोराला कुत्रं चावलंय आणि आई सदराची वाट बघतेय, असं होऊ नये. दुसऱ्या कुणावर ही वेळ आली तर त्यांनी मला पत्र लिहू नये, थेट दवाखाना गाठावा.

शुक्रवारी संध्याकाळी तुमचं उत्तर आलं. सीरम दिलं, पोराने दवाखाना डोक्यावर घेतला, येताना त्याला भेळ दिली. वाचून माझ्या जिवात जीव आला. रडला तर रडू दे. आता निवांत बोलू, कारण तुमच्या ह्यांनी विचारलेला प्रश्न मी वीस-बावीस वर्षं ऐकतेय आणि तो अडाणीपणाचा प्रश्न नाही. इंजेक्शन दिलंय, मग सीरम कशाला? सरळ माणसाला असंच वाटणार.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असं आपण म्हणतो. कुत्रं चावल्यावर रेबीजची, म्हणजे पिसाळण्याच्या रोगाची, लस घेणं म्हणजे नेमकं तेच आहे. लस तुमच्या पोराच्या शरीराला सांगते की हा असा विषाणू आहे, याच्याविरुद्ध हत्यारं बनव. शरीर कामाला लागतं, पण पुरेशी हत्यारं तयार व्हायला सात ते चौदा दिवस जातात. विहिरीला पाणी लागेपर्यंत गाव काय पिणार? तेवढ्यासाठी टँकर. सीरम हा टँकर आहे. त्यात ही हत्यारं, म्हणजे प्रतिपिंडं, आयती असतात. बहुतेक सीरम घोड्याच्या रक्तापासून बनतं, काही माणसाच्या रक्तापासून. आता प्रयोगशाळेत तयार केलेली प्रतिपिंडंही मिळतात. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही तशी काढली आहेत. ज्या दवाखान्यात जे असेल ते घ्यावं, त्यावर घोळ घालू नये.

टँकर कुठे रिकामा करायचा, हेही महत्त्वाचं. सीरम कमरेत देऊन भागत नाही, ते जखमेत आणि जखमेच्या कडेने सुईने भरावं लागतं. विषाणू तिथेच असतो. पोर ओरडलं ते म्हणूनच. अंगठ्याच्या बुडाशी जागा ती केवढी, त्यात सुई फिरवायची म्हणजे दुखणारच. मात्रा वजनावर ठरते. घोड्याचं असेल तर किलोमागे ४० युनिट, म्हणजे २२ किलोच्या मुलाला ८८० युनिट. तुमच्या पोराला नेमकं कोणतं दिलं ते कागदावर लिहिलेलं असेल, बघून ठेवा.

आणि घाई का केली? लस सुरू केल्यापासून सात दिवसांपर्यंतच सीरम देतात. त्यानंतर शरीराची स्वतःची हत्यारं यायला लागलेली असतात, टँकरचा उपयोग राहत नाही. तुमच्या हातात पुढच्या बुधवारपर्यंत वेळ होता, हे खरं. पण विषाणूला बुधवार-गुरुवार कळत नाही.

विषाणू रक्तातून फिरत नाही. चावल्या जागी मांसात काही काळ मुक्काम करतो, मग तिथल्या मज्जातंतूत शिरतो आणि तंतूच्या आतून हळूहळू पाठीच्या कण्याकडे आणि मेंदूकडे सरकतो. एकदा का तो तंतूत शिरला की शरीराच्या पहारेकऱ्यांना दिसतच नाही. म्हणून त्याला जखमेतच गाठायचं. हाताच्या पंजात, बोटांत, चेहऱ्यावर, मानेवर मज्जातंतूंची दाटी असते, म्हणून तिथला चावा जास्त वाईट. नुसतं अंगाला अंग लागलं, धडधाकट कातडीवर चाटलं, तर काहीच लागत नाही. रक्त न येता ओरखडा उठला तर जखम धुणं आणि लस. कातडी फाटून रक्त आलं, किंवा आधीच्या जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली, तर धुणं, लस आणि सीरम तिन्ही. तुमच्या पोराचा चावा तिसऱ्या प्रकारातला. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली ती अगदी बरोबर दिली.

आता ते ‘नुसतं जरासं टोचलं’. तुमच्या मनात शंका आहे हे ओळी-ओळीत दिसतं: सरकारी दवाखान्यात एकच बाटली चार जणांना वाटून दिली, औषध अर्धंच गेलं. ताई, सुई काढल्यावर दंडावर मसुराएवढा पांढुरका फुगवटा आला होता का, संत्र्याच्या सालीसारखा बारीक खड्डे असलेला? आला असेल तर इंजेक्शन उत्तम दिलंय. ही लस मांसात न देता कातडीच्या थरात देतात, दोन्ही दंडांवर ०.१ मिलिलिटर. कातडीत शरीराचे पहारेकरी गच्च भरलेले असतात, म्हणून थोड्याशा लसीनेही तेवढंच काम होतं. एका बाटलीत दोन-चार जणांचं भागतं हे खरं, पण ती काटकसर हिशेबाची आहे, चोरीची नाही. भारतात २००६ पासून या पद्धतीला परवानगी आहे. खाजगीत अख्खी बाटली दंडात देतात, तीही चांगली. फक्त कमरेत, कुल्ल्यावर ही लस कधीच द्यायची नसते. चरबीत ती नीट लागू पडत नाही. कुणी द्यायला लागलं तर हात धरा.

दिवस मोजताना घरोघरी चुकतं. पहिलं इंजेक्शन ज्या दिवशी दिलं तो शून्य दिवस. तिथून तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. तुमचा शून्य दिवस बुधवार, म्हणून तिसरा दिवस शनिवार, शुक्रवार नव्हे. सातवा दिवस पुन्हा बुधवार आणि अठ्ठाविसावाही बुधवारच, पहिल्यापासून चौथा. एक शनिवार सोडला तर सगळे बुधवार, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. खाजगीत मांसात घेणाऱ्यांना चौदाव्या दिवशी आणखी एक असतं. तोही त्याच वारी येतो.

हे वाचाल तेव्हा शनिवारचं आणि बुधवारचं झालेलं असेल. राहतं ते अठ्ठाविसाव्या दिवसाचं, आणि घरं तिथेच ढिली पडतात. जखम भरलेली असते, पोरगं विटीदांडू खेळत असतं, ऊस कारखान्याला गेलेला असतो. त्या दिवशी काही कारणाने जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी जा, तिसऱ्या दिवशी जा, पण जा. एखाद-दोन दिवस चुकले म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. आणि केंद्रात लस संपली असेल तर दुसऱ्या कंपनीची लस घेतली तरी चालते. त्यासाठी थांबू नका.

आता हे पुढचं सासूबाईंना वाचून दाखवा.

आजी, तुमच्या वेळी पोटात चौदा इंजेक्शनं होती, हे खोटं नाही. फ्रान्समध्ये लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या पोराला पहिल्यांदा ही लस टोचवली, तीसुद्धा पोटावरच, दहा-अकरा दिवसांत तेरा वेळा. पोरगं वाचलं. पुढे आपल्याकडे हिमाचलातल्या कसौलीला डेव्हिड सेंपल नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने मेंढीच्या मेंदूपासून लस काढली आणि जवळजवळ शंभर वर्षं आपण तीच टोचून घेतली. रोज एक, पोटाच्या कातडीत, मोठी सुई. पोट सुजून यायचं, आणि क्वचित त्या लसीनेच लकवा व्हायचा. लोक तिला घाबरले ते उगाच नाही. पण २००५ पासून ती लस देशात बंद झाली. हल्लीची लस मेंढीच्या मेंदूपासून करत नाहीत, तिच्यात तो धोका नाही, आणि गरोदर बाईलाही, तान्ह्या लेकरालाही ती चालते. लस बदलून इतकी वर्षं झाली, पण तिची भीती अजून गावात फिरतेय. ती तुमच्या नातवाच्या कानात गेली आणि त्याने दोन दिवस हात लपवला. तेवढ्यापुरती ती कुत्र्यापेक्षा धोक्याची ठरली.

मिरची आणि चुना मात्र कधीच नको, आजी. त्याने जखम चिघळते, आणि चोळताना विषाणू आणखी आत ढकलला जातो. हळद, तंबाखू, तेल, कॉफीची पूड, काहीच भरायचं नाही. धुवायचं. नळाची बारीक धार, अंगाचा असो वा कपड्याचा, साबण आणि घड्याळात बघून पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं हा मोठा वेळ असतो, करून बघा. तेवढ्यात भाकरीच्या दोन चवडी होतील. पण या विषाणूवर चरबीचं आवरण असतं आणि ते साबणाने फुटतं. त्याला मारणारी इतकी स्वस्त दुसरी गोष्ट नाही. गंमत बघा, चोरी लपवायला म्हणून का होईना, नातवाने हात धुतला ते घरातल्या सगळ्यांत शहाणपणाचं काम झालं. साबण लावला असता तर मी त्याला बक्षीस दिलं असतं.

पथ्याचं एका वाक्यात सांगते: काहीच नाही. अंडं द्या, दही द्या, वांग्याचं भरीत द्या. अंगात कणकण आली तर तापाची गोळी.

ताई, आता पुन्हा तुमच्याशी. मी ग्रामीण रुग्णालयात नोकरीला लागले त्या पहिल्याच पावसाळ्यात तिशीचा एक माणूस भावाच्या मोटरसायकलवर मागे बसून आला. चालत वॉर्डात आला. घशाखाली काही उतरत नाही, म्हणाला. मी घसा बघितला, घसा चांगला होता. डाव्या हाताला तीन दिवस मुंग्या येतायत, असंही म्हणाला. ते मी लिहून घेतलं आणि त्याचा अर्थ मला कळला नाही. सिस्टरनी स्टीलच्या पेल्यात पाणी आणलं. त्याला तहान लागलेली होती, त्याने स्वतःहून हात पुढे केला. पेला ओठांपाशी आला आणि त्याच्या मानेचे स्नायू दोरीसारखे ताणले गेले, डोळे फिरले, पेला खाली पडला. तो घाबरला होता आणि त्याहून जास्त ओशाळला होता. ‘पाणी सांडलं,’ म्हणाला. तेवढ्यात वॉर्डबॉयने पंखा लावला. वारा अंगाला लागताच तो पुन्हा तसाच आवळला गेला. आमचे मोठे डॉक्टर दारातून हे बघत होते. त्यांनी आधी पंखा बंद करायला लावला आणि मग बायकोला विचारलं, कुत्रं कधी चावलं होतं?

बायको म्हणाली, नाही चावलं. भाऊ म्हणाला, नाही. बऱ्याच वेळाने तिला आठवलं: ज्वारीच्या काढणीत पिल्लू उचलून बांधावर ठेवताना त्याचा दात बोटाला लागला होता. देवऋषीकडून दोरा बांधून आणला, जखम चार दिवसांत भरली. विसरून गेले.

तो तिसऱ्या दिवशी गेला. शेवटपर्यंत मधूनमधून पूर्ण शुद्धीवर होता, बैलांना वैरण टाकली का विचारायचा. आम्ही त्याला गुंगीचं औषध दिलं, खोली अंधारी आणि शांत ठेवली. त्यापलीकडे तेव्हाही काही नव्हतं आणि आजही नाही. लक्षणं सुरू झाली की माणूस वाचत नाही, वाचल्याची उदाहरणं जगात फारच थोडी. चावल्यापासून लक्षणांपर्यंत बहुतेकांना एक ते तीन महिने मिळतात, कुणाला आठवडा-दोन आठवडे, कुणाला वर्षही. याच काळात लस आणि सीरम वेळेवर आणि नीट मिळालं तर हा आजार होत नाही. एवढा खात्रीचा बचाव असलेला दुसरा जीवघेणा आजार मला माहीत नाही. तरीही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अलीकडच्या पाहणीनुसार आपल्या देशात वर्षाला अंदाजे ५,७०० माणसं याने जातात. कुत्रं चावलेल्या पाचांतल्या एकाने एकही इंजेक्शन घेतलेलं नसतं, आणि सुरू केलेल्यांतले कितीतरी मध्येच सोडतात.

म्हणून ‘पिल्लूच तर होतं’ हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो. पिल्लाचे दात सुईसारखे बारीक असतात, जखम छोटी दिसते, आणि पिल्लाचा कुणाला राग येत नाही. पण दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लालाही रेबीज होतो. पिसाळलेलं कुत्रं म्हणजे लाळ गाळत धावणारं, हे चित्रही अर्धंच आहे. काही कुत्री एका कोपऱ्यात सुस्त पडून राहतात, जबडा लुळा पडलेला असतो, आणि घशात हाड अडकलं असेल म्हणून कुणीतरी दयेने तोंडात हात घालतं. तुमचं पिल्लू शनिवारी गाईला चावलं, रविवारी पोराला, सोमवारी नाहीसं झालं. माझ्या लेखी ते पिसाळलेलंच होतं.

ते सापडलं असतं तर? दहा दिवस बांधून, खायला-प्यायला घालून लक्ष ठेवायचं असतं. पोराची लस मात्र पहिल्या दिवशीच सुरू करायची, दहा दिवस संपायची वाट बघत नाही. कुत्र्याच्या लाळेत विषाणू असेल तर ते दहा दिवसांत आजारी पडून मरतं, म्हणून दहाव्या दिवशी ते खणखणीत असेल तर डॉक्टर पुढचे डोस थांबवू शकतात. हा नियम फक्त कुत्रा आणि मांजर यांना. माकड, मुंगूस, कोल्हा चावला तर वाट बघण्याचा प्रश्नच नाही, सगळे डोस घ्यायचे. घरातला उंदीर चावला तर साधारणपणे ही लस लागत नाही. आणि कुत्र्याला कुणी काठ्यांनी मारू नये. मेल्यावर त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवता येत नाही, आणि मारताना आणखी दोघांना चावतं.

आता गाय. खरवसाचं आधी, म्हणजे गल्लीला झोप लागेल. गाईला शनिवारी चावलं, रविवारी तुम्ही चीक काढला. एका दिवसात विषाणू नाकातून मेंदूत जाऊन दुधात उतरत नाही, त्याला आठवडे लागतात. शिवाय खरवस वाफवलेला, आणि उष्णतेने हा विषाणू मरतो. दुधातून माणसाला रेबीज झाल्याचं सिद्ध झालेलं उदाहरण आजवर जगात नाही. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावात म्हैस पिसाळली म्हणून दूध प्यायलेलं अख्खं गाव आरोग्य केंद्रापुढे रांग लावतं, आणि त्या गर्दीत खरोखर चावलेल्या माणसाला लस उरत नाही. खरवस खाल्लेल्यांनी काही करायचं नाही. दूध तापवून प्या, तसंही तापवूनच प्यावं.

पण गाईची जखम साबणाने धुवा आणि आजच पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा. चावल्यानंतर जनावरांनाही इंजेक्शनं देतात. पुढचे काही महिने लक्ष ठेवा. गाय चारा तोंडात धरून गिळेनाशी झाली, लाळेच्या तारा लोंबायला लागल्या, आवाज घोगरा होऊन सारखी हंबरायला लागली, मागून लटपटायला लागली, तर तोंडात हात घालायचा नाही. आपला शेतकरी पहिलं तेच करतो. कणसाचं बुरकुंड अडकलं असेल म्हणून कोपरापर्यंत हात आत. माणसाला गाईचा धोका आहे तो तिथे. वासरू बाजूला बांधा आणि डॉक्टरला बोलवा.

आणि तुमचे हे. शनिवारी त्यांनी गाईच्या नाकाचं रक्त उघड्या हाताने पुसलं, म्हणजे पिल्लाची ताजी लाळही पुसली. उसाला तोड आलेली असताना पाचटाने हात कापलेले नाहीत असा एक माणूस मला दाखवा. कापलेल्या कातडीवर लाळ म्हणजे पोराला जो चावा झाला त्याच प्रकारातली गोष्ट. हे मी गुरुवारच्या निरोपातही लिहिलं होतं. तुमच्या उत्तरात पोराची भेळसुद्धा आहे, ह्यांच्याबद्दल एक शब्द नाही. म्हणून चारचौघांत पुन्हा लिहिते: दादा, उशीर झाला तरी चालेल, जा. हात डॉक्टरांना दाखवा, गाईचं सगळं सांगा, लस सुरू करा, सीरम लागेल का ते ते बघतील. तुमचे आणि पोराचे कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. पुढे कधी पुन्हा कुत्रं चावलं तर आधीचा पुरा कोर्स कागदावर दाखवता आला की दोनच दिवस इंजेक्शन लागतं, शून्याव्या आणि तिसऱ्या दिवशी, सीरम नाही.

गावातल्या कुत्र्यांबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण ग्रामसभेत कुणीतरी काढेलच. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना दरवर्षी लस टोचली तर त्या भागात रेबीज पसरणं थांबतं. शेजारच्या गोव्यात वर्षानुवर्षं जाळ्यांनी कुत्री धरून टोचली आणि २०२१ मध्ये सरकारने राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर केलं. कुत्री तिथे आजही आहेत.

शेवटचं काम तुमच्याकडे आहे, ताई, आणि ते आशाताईंना बरोबर घेऊन करा. ते पिल्लू गल्लीत एकट्या तुमच्या पोराशी खेळत नसणार. नाहीसं होण्याआधीच्या दहा दिवसांत त्याला कुणी कुणी उचललं, कुणाला दात लागला, कुणाला नख लागलं, कुणाच्या खरचटलेल्या गुडघ्याला त्याने चाटलं, ते घरोघरी विचारा. रागावून विचारू नका, नाहीतर पोरं पुन्हा हात खिशात घालतील. तुमच्या मुलाला सोबत न्या, दंडावर बारीकसं टोचतात हे तो स्वतःच सांगेल. सुरुवात चुलतभावापासून करा. कुत्रं चावल्यावर किती इंजेक्शनं देतात याची त्याने चौकशी कशासाठी करून ठेवली होती, ते मला कळलेलं नाही. त्याचे हातपाय जरा उजेडात घेऊन बघा.